होल्ट कोलियर

होल्ट कोलियर (जन्म : इ.स. १८४६ च्या सुमारास, जेफरसन काउंटी, मिसिसिपी. मृत्यू : १ ऑगस्ट, इ.स. १९३६, ग्रीनव्हिल, मिसिसिपी) हे अमेरिकेच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीय शिकारी आणि वाटाडे होते. गुलाम म्हणून जन्मलेले कोलियर मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातील काळ्या अस्वलांचे सर्वांत नामांकित शिकारी म्हणून ओळखले जात. इ.स. १९०२ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थियोडोर रूझवेल्ट यांनी मिसिसिपी राज्यात केलेल्या अस्वलाच्या शिकारीची सूत्रे त्यांच्याकडे होती. या शिकारीतील एका प्रसंगावरून 'टेडी बेअर' हे खेळणे जन्माला आले. त्या खेळण्यामुळे रूझवेल्ट यांचे नाव घरोघरी पोहोचले. कोलियर यांचे नाव मात्र दीर्घकाळ विस्मृतीत राहिले.

जन्म आणि बालपण

कोलियर यांचा जन्म जेफरसन काउंटीतील हाईंड्स कुटुंबाच्या मळ्यावर झाला. त्यांच्या आधीच्या दोन पिढ्यांनीही याच कुटुंबाची गुलामगिरी केली होती. कुटुंबप्रमुख हॉवेल हाईंड्स यांची दुसरी जमीन उत्तरेकडे वॉशिंग्टन काउंटीत, ग्रीनव्हिलजवळ होती. हा भाग तेव्हा बहुतांशी घनदाट जंगलाचा होता. जंगल तोडून कापसाची शेती करणाऱ्या मजुरांसाठी मांस मिळवण्याचे काम कोलियर यांच्याकडे लहानपणीच आले आणि त्यासाठी त्यांच्या हाती बंदूक देण्यात आली. वयाच्या दहाव्या वर्षी त्यांनी पहिले अस्वल मारले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. परंतु माग ओळखणे, कुत्र्यांच्या आवाजावरून जनावराची दिशा ताडणे आणि वाटा नसलेल्या रानात दिशा न चुकता फिरणे, यांत ते अल्पवयातच तरबेज झाले.

यादवी युद्ध

इ.स. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्धास तोंड फुटले. हाईंड्स हे दक्षिणेकडील संयुक्त राज्यांच्या सैन्यात दाखल झाले. कोलियर यांचे वय लहान असल्याने त्यांना मागे राहण्यास सांगण्यात आले होते. तथापि ते एका आगबोटीत लपून निघाले आणि सैन्याला जाऊन मिळाले. पुढे त्यांनी ९ व्या टेक्सास घोडदळाबरोबर काम केले. कृष्णवर्णीयांना हत्यारबंद सैनिक म्हणून घेण्यास दक्षिणेच्या सैन्यात युद्धाच्या अखेरीपर्यंत मनाई होती. त्यामुळे नेमबाज म्हणून प्रत्यक्ष लढाईत उतरलेल्या कोलियर यांचे उदाहरण अपवादात्मक मानले जाते. ज्या सैन्याच्या पराभवाने गुलामगिरी संपुष्टात आली, त्याच सैन्यात एका गुलामाने लढावे, हा विरोधाभास त्यांच्या चरित्रात आरंभापासून दिसतो.

युद्धानंतरची वर्षे

युद्ध संपल्यानंतर थोड्याच काळात मिसिसिपीत नेमणुकीवर असलेल्या कॅप्टन जेम्स किंग या उत्तरेकडील अधिकाऱ्याचा खून झाला. किंग आणि हाईंड्स यांच्यात वितुष्ट होते. खुनाचा आरोप कोलियर यांच्यावर ठेवण्यात आला आणि व्हिक्सबर्ग येथे लष्करी न्यायाधिकरणापुढे त्यांच्यावर खटला चालला. त्यात ते निर्दोष सुटले. यानंतर ते टेक्सासला गेले आणि युद्धकाळातील त्यांचे सेनाधिकारी सलिव्हन रॉस यांच्याकडे गुरेराखे म्हणून राहिले. रॉस पुढे टेक्सासचे गव्हर्नर झाले. धावत्या जनावराच्या गळ्यात घोड्यावरून दोराचा फास टाकण्याची कला कोलियर यांना अवगत होती. अनेक वर्षांनी याच कलेने त्यांच्या आयुष्यातील सर्वांत गाजलेला प्रसंग घडवला. हॉवेल हाईंड्स यांचा खून झाल्यानंतर कोलियर मिसिसिपीला परतले आणि शिकार हाच त्यांनी चरितार्थाचा व्यवसाय केला.

डेल्टा प्रदेश आणि शिकारीची पद्धत

मिसिसिपी आणि याझू या नद्यांमधील सखल, पुराच्या गाळाने बनलेल्या प्रदेशास मिसिसिपी डेल्टा म्हणतात. त्या काळी तेथे दलदली, ओढे, उंच वृक्ष आणि अमेरिकेतील मूळच्या बांबूची मैलोन्‌मैल पसरलेली दाट बेटे होती. या बेटांत काही पावलांपलीकडचे दिसत नसे. घोडेस्वाराला एका हातात लगाम आणि दुसऱ्या हातात कोयत्यासारखे पाते घेऊन वाट तोडत जावे लागे. येथील अस्वल हे अमेरिकी काळ्या अस्वलाच्या 'लुईझियाना काळे अस्वल' या उपजातीचे असून भारतातील अस्वलाहून ते वेगळ्या जातीचे आहे.

अशा रानात अस्वलाचा पाठलाग कुत्र्यांवाचून अशक्य होता. पहाटे ताजा माग सापडला की त्यावर कुत्री सोडली जात. कुत्री अस्वलाला बेटांतून हुसकावत आणि थकवत. अखेर अस्वल पाण्यात किंवा झाडाला पाठ लावून उभे राही. शिकाऱ्यांपुढे दोन पर्याय असत. एक, कुत्र्यांमागे रान तुडवत जाणे. दुसरा, अस्वल ज्या वाटेने बाहेर पडण्याचा संभव असेल तेथे आधीच दबा धरून बसणे. दोन्हींत यश मिळण्यासाठी अस्वल कोणत्या ऋतूत काय खाते, कोठे पाणी पिते आणि हुसकावल्यावर कोणत्या बाजूला वळते, हे ठाऊक असावे लागे. कोलियर यांचे सामर्थ्य या माहितीत होते. लाकूडतोडीचे तळ आणि रेल्वेमार्ग बांधणाऱ्या मजुरांना अस्वलाचे मांस विकून ते उदरनिर्वाह करीत. त्यांनी तीन हजारांहून अधिक अस्वले मारली किंवा मारण्यास साहाय्य केले, असे रूझवेल्ट यांनी पुढे नोंदवले.

इ.स. १९०२ ची शिकार

पार्श्वभूमी

इ.स. १९०२ च्या उत्तरार्धात रूझवेल्ट यांना विश्रांतीची गरज होती. सप्टेंबरमध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात झालेल्या अपघातात त्यांच्या पायाला दुखापत झाली होती आणि ऑक्टोबरमध्ये कोळसा खाणकामगारांचा दीर्घ संप मिटवण्यात त्यांचा बराच वेळ गेला होता. मिसिसिपीचे गव्हर्नर अँड्र्यू लाँगिनो आणि इलिनॉय सेंट्रल रेल्वेचे अध्यक्ष स्टायव्हेसंट फिश यांच्या पुढाकाराने अस्वलाच्या शिकारीचा बेत ठरला.

दक्षिणेतील राजकीय वातावरण रूझवेल्ट यांना अनुकूल नव्हते. इ.स. १९०१ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांना व्हाइट हाऊसमध्ये भोजनास बोलावले होते. त्यावरून दक्षिणेतील गोऱ्या पुढाऱ्यांनी त्यांच्यावर तीव्र टीका केली होती. अशा वातावरणात राष्ट्राध्यक्षांच्या शिकारीची प्रत्यक्ष सूत्रे एका माजी गुलामाकडे देण्यात आली; कारण त्या रानाची त्यांच्याइतकी माहिती असणारा दुसरा माणूस नव्हता.

पूर्वतयारी

रूझवेल्ट अनुभवी शिकारी होते. परंतु त्यांचा अनुभव डाकोटाची माळराने आणि रॉकी पर्वतराजी येथील होता. तेथील उघड्या प्रदेशात जनावर दुरून दिसे आणि शिकारी एकट्याने त्याच्या जवळ सरकत जाई. डेल्टाच्या बांबूच्या बेटांत हा अनुभव पुरेसा नव्हता. कुत्र्यांमागे स्वतः घोडा घालावा, अशी त्यांची इच्छा होती. यजमानांना राष्ट्राध्यक्षांच्या सुरक्षिततेची काळजी असल्याने त्यांनी दबा धरून बसण्याची योजना केली. पहिले अस्वल राष्ट्राध्यक्षांनीच मारावे, असेही ठरले. यामुळे कोलियर यांचे काम अधिक अवघड झाले. अस्वल शोधून हुसकावायचे, ते नेमक्या ठिकाणी बसलेल्या पाहुण्यांपुढे आणायचे आणि स्वतः मात्र त्याच्यावर गोळी झाडायची नाही, अशी कामगिरी त्यांना पार पाडावयाची होती.

तळ लिटल सनफ्लॉवर नदीकाठी, रेल्वेच्या स्मीड्स स्थानकापासून दूर रानात ठोकण्यात आला. पाहुण्यांमध्ये फिश यांच्याखेरीज जॉन पार्कर, जॉन मॅकिलहेनी, लिरॉय पर्सी आणि ह्यूगर फूट हे होते. वार्ताहरांना तळापासून लांब ठेवण्यात आले होते.

१४ नोव्हेंबरचा प्रसंग

१४ नोव्हेंबर, इ.स. १९०२ रोजी सकाळी कोलियर यांच्या कुत्र्यांना ताजा माग लागला. रूझवेल्ट आणि फूट यांना कोलियर यांनी मोक्याच्या जागी बसवले आणि ते स्वतः कुत्र्यांमागे गेले. पाठलाग लांबत गेला आणि कुत्र्यांचे आवाज दूर विरले. दुपार उलटल्यावर रूझवेल्ट व फूट जागा सोडून भोजनासाठी तळावर परतले. त्यानंतर कोलियर यांनी अस्वल ठरल्याप्रमाणे त्याच बाजूला आणले. परंतु तेथे कोणीही नव्हते.

थकलेले अस्वल एका डबक्यात उभे राहून कुत्र्यांशी झुंजू लागले आणि एक कुत्रा त्याने मारला. इतर कुत्र्यांचा जीव धोक्यात होता आणि गोळी झाडण्याची मुभा नव्हती. कोलियर घोड्यावरून उतरले, त्यांनी बंदुकीच्या दस्त्याने अस्वलाच्या डोक्यावर प्रहार केला, त्याच्या गळ्यात दोराचा फास टाकला आणि ते झाडाला बांधले. त्यानंतर राष्ट्राध्यक्षांना बोलावण्यात आले. घटनास्थळी पोहोचल्यावर रूझवेल्ट यांनी बांधलेल्या, अर्धमेल्या जनावरावर गोळी झाडण्यास नकार दिला. तसे करणे त्यांना शिकाऱ्याच्या नीतीस धरून वाटले नाही. मात्र जखमी अस्वलाला सोडून देण्यात आले, हा प्रचलित समज चुकीचा आहे. त्याच्या यातना संपवण्याची सूचना रूझवेल्ट यांनी केली आणि त्याला सुऱ्याने मारण्यात आले. पुढील काही दिवस शिकार चालू राहिली. परंतु रूझवेल्ट यांना एकही अस्वल न मिळता परतावे लागले.

व्यंगचित्र आणि टेडी बेअर

१६ नोव्हेंबर रोजी वॉशिंग्टन पोस्ट या वृत्तपत्रात क्लिफर्ड बेरीमन यांचे या प्रसंगावरील व्यंगचित्र प्रसिद्ध झाले. त्याच्या शीर्षकात मिसिसिपीत सीमारेषा आखण्याचा उल्लेख होता. काही अभ्यासक त्याचा संबंध दक्षिणेतील वर्णभेदाच्या रेषेशीही जोडतात. बेरीमन यांनी नंतर हे अस्वल अधिकाधिक लहान आणि गोंडस रेखाटले. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथील दुकानदार मॉरिस मिचटम आणि त्यांच्या पत्नी रोझ यांनी त्यावरून कापडी अस्वल तयार केले आणि रूझवेल्ट यांच्या 'टेडी' या टोपणनावावरून त्याचे नाव ठेवले. साधारण याच काळात जर्मनीतील श्टाइफ कंपनीनेही कापडी अस्वले बाजारात आणली आणि काही वर्षांतच हे खेळणे जगभर पसरले.

या कथेच्या लोकप्रिय रूपात एक निरागस पिल्लू आणि एक दयाळू राष्ट्राध्यक्ष एवढेच उरले. प्रत्यक्षातील अस्वल १०० किलोग्रॅमहून अधिक वजनाचे, पूर्ण वाढलेले होते. जिवंत अस्वलाला एकट्याने दोराने बांधणाऱ्या माणसाला या कथेत स्थान मिळाले नाही.

लुईझियानातील शिकार

इ.स. १९०७ च्या ऑक्टोबरमध्ये रूझवेल्ट यांनी शेजारच्या लुईझियाना राज्यात टेन्सास बायू परिसरात पुन्हा अस्वलाची शिकार आखली. या वेळीही कोलियर यांना बोलावण्यात आले. बेन लिली हे दुसरे प्रसिद्ध शिकारी आणि मिसिसिपीतील मेटकाफ बंधू हेही सोबत होते. आरंभीच्या दिवसांत यश आले नाही आणि तळ दुसरीकडे हलवावा लागला. यावेळी रूझवेल्ट एका जागी बसून राहिले नाहीत. कुत्र्यांचा आवाज ऐकत ते क्लाइव्ह मेटकाफ यांच्यासह बांबूच्या बेटात शिरले आणि अगदी जवळून त्यांनी अस्वल टिपले. पाच वर्षांपूर्वी जी पद्धत त्यांनी मागितली होती, तिनेच हे यश दिले. या शिकारीवर रूझवेल्ट यांनी लिहिलेला लेख इ.स. १९०८ मध्ये स्क्रिब्नर्स मासिकात प्रसिद्ध झाला. त्यात कोलियर यांच्या अनुभवाचा आणि भारदस्त व्यक्तिमत्त्वाचा गौरवपूर्ण उल्लेख आहे.

अखेरची वर्षे

विसाव्या शतकाच्या आरंभी डेल्टाचे रूप झपाट्याने पालटले. पूर रोखणारे बांध, रेल्वेमार्ग, लाकूडतोड आणि कापसाची शेती यांमुळे बांबूची बेटे व जुनी जंगले नाहीशी होत गेली. अनिर्बंध शिकारीनेही अस्वलांची संख्या घटली आणि त्यात कोलियर यांच्यासारख्या व्यावसायिक शिकाऱ्यांचा वाटा होता. इ.स. १९३२ मध्ये मिसिसिपीत अस्वलांची शिकार बंद करण्यात आली. तेव्हा राज्यात डझनभरही अस्वले उरली नसावीत, असा अंदाज होता. ज्या रानाच्या ज्ञानावर कोलियर यांची कीर्ती उभी होती, ते रान आणि ते जनावर त्यांच्या हयातीतच जवळजवळ संपले. १ ऑगस्ट, इ.स. १९३६ रोजी ग्रीनव्हिल येथे त्यांचे निधन झाले आणि तेथील लाइव्ह ओक दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले.

स्मृती

मायनर फेरिस बुकॅनन यांनी लिहिलेल्या चरित्रामुळे एकविसाव्या शतकाच्या आरंभी कोलियर यांच्या जीवनाकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. इ.स. २००४ मध्ये मिसिसिपी डेल्टातील संरक्षित क्षेत्रांच्या समूहास थियोडोर रूझवेल्ट यांचे नाव देण्यात आले आणि त्याच समूहात होल्ट कोलियर राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्य स्थापन झाले. आफ्रिकी-अमेरिकी व्यक्तीचे नाव मिळालेले हे अमेरिकेतील पहिले राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्य होय. लुईझियाना काळ्या अस्वलाचा समावेश इ.स. १९९२ मध्ये संकटग्रस्त प्राण्यांच्या केंद्रीय यादीत करण्यात आला होता. जंगलांची पुन्हा लागवड आणि संरक्षण यांमुळे त्यांची संख्या सावरल्यावर इ.स. २०१६ मध्ये ते या यादीतून वगळण्यात आले.