परसातली दुर्बीण : ग्रोट रीबर

डेव्हन ॲव्हेन्यूवरून पीठ, भाजी, मिठाई घेऊन पश्चिमेकडच्या उपनगरांत परतताना व्हीटनची पाटी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. त्या गावात १९३७ च्या उन्हाळ्यात पंचविशीतल्या एका इंजिनीयरने आईच्या घरामागे सुमारे ३१ फूट व्यासाची पत्र्याची तबकडी उभारली. तीही पदरच्या पैशाने!

ग्रोट रीबरचा जन्म १९११ चा, शिकागोचा. १९३३ मध्ये पदवी घेऊन तो इथल्याच रेडिओ कंपन्यांत नोकरीला लागला. आकाशगंगेकडून रेडिओ खरखर येते हे कार्ल जान्स्कीने नुकतेच दाखवले होते, पण खगोलशास्त्रज्ञांनी फारसे मनावर घेतले नाही.

रीबरने प्रथम ३३०० मेगाहर्ट्झवर ऐकून पाहिले. काही नाही. मग ९०० च्या आसपास. तरीही नाही. आता पंचाईत अशी, की आकाश गप्प आहे की आपले यंत्रच बहिरे? त्याने यंत्र सुधारले, मुख्य म्हणजे अंदाज बदलला आणि १६० मेगाहर्ट्झवर उतरला. काटा हलला! दिवसा मोटारींच्या ठिणग्यांचा त्रास, म्हणून मोजणी रात्री आणि सकाळी पुन्हा नोकरी.

पण ही खरखर आकाशातलीच कशावरून? तबकडी फक्त वर-खाली वळत असे, बाकीचे काम पृथ्वीच्या फिरण्याचे. आकाशगंगा समोरून सरकली की काटा चढे, आणि ती वेळ ताऱ्यांप्रमाणे रोज चार मिनिटे अलीकडे येई. शेजाऱ्याच्या मोटारीला नक्षत्रांचे वेळापत्रक कुठले ठाऊक असायला!

१९४४ मध्ये त्याने आकाशाचा रेडिओ नकाशा छापला. त्यात धनु, हंस आणि शर्मिष्ठा या तारकासमूहांत उंचवटे होते. गंमत पुढेच आहे. काटा किती हलला म्हणजे लहरींची तीव्रता किती, हे ठरवायला आधी माहितीतला स्रोत लागतो, जसे तराजूला प्रमाणित वजन. हंस आणि शर्मिष्ठेतले ते प्रखर स्रोत पुढे जगभरच्या रेडिओ दुर्बिणींसाठी अशीच वजने ठरले. (शर्मिष्ठेतला हळूहळू मंदावतो, तेवढा हिशेब धरावा लागतो.) नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटीतही तीव्रता ठरवताना आधी माहितीतल्या स्रोतांकडे तबकड्या वळवतात.

ही दुर्बीण उभारणाऱ्या गोविंद स्वरूप यांना २००७ मध्ये ग्रोट रीबर पदक मिळाले. रीबर स्वतः १९५४ मध्ये टास्मानियाला गेला आणि २००२ मध्ये, एक्क्याण्णव पूर्ण व्हायला दोन दिवस असताना, तिथेच वारला. व्हीटनच्या परसातली ती तबकडी आता वेस्ट व्हर्जिनियात ग्रीन बँकच्या वेधशाळेत आहे.