मठाच्या बागेतील प्रश्न : धर्मगुरू ग्रेगोर मेंडेल

पपईची लागवड करणारा शेतकरी एका खड्ड्यात तीन-चार रोपे लावतो आणि फुले दिसेपर्यंत थांबतो. मादी झाड ठेवावयाचे, नर झाडे बहुतेक उपटावयाची. रोप कोणत्या लिंगाचे हे बीजातच ठरते, परंतु ते कसे? या प्रश्नाकडे आकड्यांच्या नजरेने पाहणाऱ्या पहिल्या काही व्यक्तींमध्ये एक कॅथलिक धर्मगुरू होते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसावे.

योहान मेंडेल यांचा जन्म 1822 साली, आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या हिंचित्से या खेड्यातील शेतकरी कुटुंबात झाला. वडिलांची फळबाग होती आणि धर्मग्रामाचे धर्मगुरू श्रायबर शाळेतील मुलांना फळझाडांची विद्या शिकवीत. घरची परिस्थिती बेताची. धाकट्या बहिणीने आपल्या हुंड्यातील वाटा भावाच्या शिक्षणासाठी सोडून दिला. 1843 साली ते ब्रनो येथील संत थॉमस मठात दाखल झाले, ग्रेगोर हे नाव धारण केले आणि 1847 मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. शिक्षकाच्या परीक्षेत मात्र त्यांना यश आले नाही. मठाधिपती नाप यांनी त्यांना व्हिएन्ना विद्यापीठात धाडले, हे फार मोलाचे झाले.

1856 ते 1863 या काळात त्यांनी मठाच्या बागेत वाटाण्याची सुमारे 28 हजार झाडे वाढविली. संकराच्या दुसऱ्या पिढीत प्रभावी व अप्रभावी गुणांचे प्रमाण तीनास एक असे येते, हे त्यांनी दाखविले. 1866 साली छापलेला तो निबंध जवळपास कोणाच्याच लक्षात आला नाही.

वाटाण्याच्या एकाच फुलात नर व मादी दोन्ही अंगे असतात. पण लिक्निस या फुलझाडात नर वेगळा, मादी वेगळी. त्याच्या संकरित रोपांपैकी फुललेली 203 झाडे मेंडेल यांनी मोजली. 151 मादी व 52 नर. पुन्हा तीनास एक! लिंगही बीजातील घटकांच्या वाटणीने ठरत असेल काय, असा विचार त्यांनी 1870 साली म्युनिकच्या नेगेली यांना पत्राने कळविला. नेगेलींना वाटाण्याच्या प्रयोगाचे महत्त्व उमगले नव्हते.

त्यांचा प्रश्न अचूक होता. प्रमाणाचा कयास मात्र चुकला. नेगेलींचेच शिष्य कॉरेन्स यांनी 1907 साली ब्रायोनिया वेलीवर दाखविले, की नर झाडाचे निम्मे परागकण नर व निम्मे मादी संतती देतात. म्हणजे प्रमाण मुळात एकास एक. पपईतील लिंगवारशाचे कोडे हॉफमायर व स्टोरी यांनी 1938 साली वेगवेगळे सोडविले. 2014 मध्ये जपानी संशोधकांनी तेंदूच्या जातकुळीतील एका फळझाडात नराच्या गुणसूत्रावरील ओजीआय जनुक शोधले. ते मादीपणा आणणाऱ्या जनुकाला गप्प करते.

1868 साली मेंडेल स्वतः मठाधिपती झाले आणि प्रयोग हळूहळू मागे पडले. 1874 च्या कायद्याने मठांवर लादलेला कर त्यांनी अन्याय्य मानला. सरकारशी त्यांचा झगडा अखेरपर्यंत चालला. या हट्टात विज्ञानाचे केवढे नुकसान झाले, असे मनात येते खरे. पण मठाची जबाबदारी त्यांना बागेइतकीच खरी वाटत होती. 6 जानेवारी 1884 रोजी त्यांचे निधन झाले. अंत्यविधीच्या मिस्सात संगीताचे संचालन तरुण यानाचेक यांनी केले. वाटाण्याचा निबंध जगाने 1900 साली पुन्हा उघडला.