पेटीतील विश्व

कारंजा लाड येथे अध्यापन करीत असताना मुलांच्या दप्तरांत मला पुष्कळदा पत्र्याची एखादी डबी आढळे. गोट्या, मोरपीस, शिंपले, जुनी तिकिटे अशी त्यांची दौलत तीत जपून ठेवलेली असे. वडीलधाऱ्यांना ती अडगळ वाटे. परंतु अशाच क्षुल्लक वस्तूंतून एका थोर कलावंताने आपली कला उभी केली. त्यांचे नाव जोसेफ कॉर्नेल.

त्यांचा जन्म २४ डिसेंबर १९०३ रोजी अमेरिकेत, हडसन नदीकाठच्या न्याक या गावी झाला. १९१७ मध्ये वडील वारले आणि सुखवस्तू घरास ओढगस्तीचे दिवस आले. धाकटा भाऊ रॉबर्ट मेंदूच्या विकाराने पंगू होता. १९२१ मध्ये जोसेफ यांनी लोकरी कापडाच्या विक्रेत्याची नोकरी पत्करली आणि घराचा भार उचलला. कामासाठी न्यूयॉर्क शहरात हिंडताना सवड मिळाली, की ते जुन्या पुस्तकांच्या व वस्तूंच्या दुकानांत रमत. नकाशे, चित्रे, लहान बाटल्या, पक्ष्यांची पिसे असे जे मनास भावे, ते घरी आणीत.

चित्रकलेचे शिक्षण त्यांना मिळाले नव्हते. १९३१ मध्ये माक्स अर्न्स्ट यांची कागदी कात्रणांची चित्रे पाहून त्यांना आपली वाट सापडली. आई व भाऊ निजल्यावर ते स्वयंपाकघरातील टेबलावर काम करीत. प्रारंभी औषधी गोळ्यांच्या, तळहातावर मावणाऱ्या डब्यांत त्यांनी इवल्या वस्तू मांडल्या. पुढे शेजाऱ्याकडून सुतारकाम शिकून ते काचेच्या दर्शनी भागाच्या लाकडी पेट्या करू लागले. पेटी जुनी दिसावी म्हणून ते रंग दिलेले लाकूड घरच्या भट्टीत भाजीत.

भावाची शुश्रूषा त्यांनी अखेरपर्यंत केली. त्यांनी परदेशी प्रवास कधीही केला नाही. तरीही युरोपातील पांथशाळा, आकाशातील तारे आणि दूरदेशीचे पोपट त्यांच्या पेट्यांत नांदू लागले. १९६५ मध्ये रॉबर्ट निवर्तला. तेव्हा त्याने काढलेली चित्रे आपल्या कृतींत योजून जोसेफ यांनी त्याच्या स्मरणार्थ प्रदर्शन भरविले.

१९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या कलाकृतींचे प्रदर्शन झाले. परंतु खरे रसिक त्यांना मुलांतच दिसत. १९७२ मध्ये कूपर युनियन या संस्थेत त्यांनी खास मुलांसाठी प्रदर्शन मांडले. पेट्या मुलांच्या दृष्टीच्या उंचीवर लावल्या होत्या आणि पाहुण्यांना खाऊ व सरबत मिळाले. त्याच वर्षी २९ डिसेंबर रोजी त्यांचे देहावसान झाले.

मुलांनो, परिस्थितीने त्यांचे पाऊल घराशी बांधून ठेवले. पण त्यांनी तक्रारीत आयुष्य घालविले नाही. टाकाऊ मानलेल्या वस्तूला त्यांनी प्रेमाने जागा दिली आणि ओंजळभर पेटीत विश्व उभे केले. तुमच्या डबीतील शिंपलाही एकदा निरखून पाहा.