कै. चिं. त्र्यं. खानोलकर ऊर्फ आरती प्रभु

यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या दिवंगत साहित्यिकाचे चरित्र लिहावे, अशी आज्ञा संपादक-मंडळाने आम्हांस केली. मंडळाच्या मनात बहुधा कोणी संतकवी असावा. परंतु आपल्या मंडळाच्या वार्षिक काव्यस्पर्धेचे परीक्षण आम्ही गेली अकरा वर्षे करीत आहो, आणि त्या कामात आमच्या हातून घडलेल्या एका चुकीची बोच मनास लागून राहिली आहे. त्यामुळे आम्हांस वारंवार आठवतात ते कै. चिंतामणी त्र्यंबक खानोलकर. ते कोणत्या ज्ञातीचे, असा प्रश्न ही पाने उलटताना काही जणांच्या मनात येईलच. तो आम्ही बाजूस ठेवितो. ते आपल्या मातीचे होते, इतके आम्हांस पुरे आहे.

खानोलकरांचा जन्म ८ मार्च १९३० रोजी वेंगुर्ल्याकडील बागलांची राई या ठिकाणी झाला. तो मुलूख त्या वेळी रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे. सिंधुदुर्ग जिल्हा निराळा झाला तो १९८१ साली, म्हणजे खानोलकर गेल्यानंतर पाच वर्षांनी. माडापोफळींची कुळागरे, तिन्हीसांजेस दाटून येणारा अंधार, देवचारांच्या व राखणदारांच्या गोष्टी, रात्र रात्र चालणारे दशावतारी खेळ, आणि या सर्वांच्या पोटात असलेले दारिद्र्य, हे त्या मुलखाचे धन. आपल्यापैकी ज्यांचे बालपण मालवण, आचरे वा वेंगुर्ले येथे गेले, त्यांस हे वर्णन करून सांगावयास नको.

शिक्षण मॅट्रिकच्या पलीकडे गेले नाही. घरची स्थिती ओढगस्तीची. कुडाळ येथे खाणावळ चालवून कुटुंबाचा चरितार्थ चाले, आणि तो व्यवसाय तरुण वयातच खानोलकरांच्या अंगावर पडला. खाणावळ म्हणजे काय, हे ज्यांनी चालविली आहे त्यांसच ठाऊक. पहाटे चूल पेटावयाची, बाजारातून मासळी व भाजी आणावयाची, कोणी किती ताटे जेवला याची वही राखावयाची आणि महिनाअखेर उधारी मागत फिरावयाचे. कविवृत्तीच्या मनुष्यास उधारी वसूल करणे कितपत साधत असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. त्या धंद्यास बरकत अशी कधी आली नाही. कविता मात्र त्याच काळात, जेवणाऱ्यांच्या वर्दळीत, लिहिल्या जात होत्या.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मराठी नवकवितेला आपल्या या चिमुकल्या मुलखाने किती नावे दिली! पु. शि. रेगे मिठबावचे, विंदा करंदीकर देवगड तालुक्यातील धालवलीचे, मंगेश पाडगांवकर वेंगुर्ल्याचे. परंतु हे तिघेही मुंबईस वा अन्यत्र जाऊन पदवीधर झाले. रेगे अर्थशास्त्राचे व करंदीकर इंग्रजीचे प्राध्यापक होते. ज्या मंडळीत वाङ्मयाची चर्चा चाले त्या मंडळीत त्यांचा वावर होता. खानोलकरांजवळ यांपैकी काहीही नव्हते. कुडाळास कोकण रेल्वे पोहोचावयास अजून चार दशके अवकाश होता. मुंबई गाठावयाची तर बंदरावरून आगबोट, नाहीतर घाटातून मोटारीचा लांबचा प्रवास, आणि पावसाळ्यात आगबोटीही बंद. अशा गावी बसलेल्या माणसास मुंबईच्या वाङ्मयीन जगाचे दार एकच उघडे होते, आणि ते म्हणजे टपालपेटी.

ज्या मासिकास त्या काळी नवे कवी सर्वांत अधिक भीत व सर्वांत अधिक मानीत, ते म्हणजे मुंबईच्या गिरगावातील खटाववाडीतून निघणारे ‘सत्यकथा’. श्री. पु. भागवत व राम पटवर्धन ही संपादकांची जोडी तेथे बसलेली असे. नाव, शिक्षण वा ओळख पाहून तेथे काही छापले जात नाही, अशी त्यांची ख्याती होती. आलेले लेखन बारकाईने वाचावे, उणे कोठे ते लेखकास पत्राने कळवावे, फिरून लिहावयास लावावे, आणि तरीही न पटल्यास परत करावे, अशी त्यांची रीत. आजच्या तरुणांस ही पद्धत माहीत नाही म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. कविता कागदाच्या एकाच बाजूस, समास सोडून, सुवाच्य अक्षरात उतरावयाची. खाली नाव व पत्ता लिहावयाचा. स्वतःजवळ एक नक्कल ठेवावयाची. सोबत परतीसाठी आपला पत्ता घातलेले, तिकीट लावलेले पाकीट जोडावयाचे. आणि मग वाट पाहत राहावयाचे. एकच कविता एकाच वेळी दोन मासिकांस पाठविणे हा अपराध मानीत. आपल्याच अक्षरातील पत्त्याचे पाकीट पोस्टमनच्या हाती दुरूनच ओळखू येई, आणि ते जाड दिसले की समजावे, कविता साभार परत.

आम्हांसही त्या पाकिटाची ओळख आहे. मॅट्रिकच्या वर्षी आम्ही मालवणहून एका मासिकास (त्याचे नाव येथे नको) तीन कविता धाडिल्या होत्या. त्या दोन महिन्यांनी परत आल्या, सोबत छापील चिठ्ठी. आम्ही त्या ट्रंकेत ठेविल्या, पुढे शिक्षकाची नोकरी धरली, आणि आयुष्यभर इतरांच्या कविता मुलांस पाठ करावयास लावल्या. त्या चिठ्ठीस आम्ही दोष देत नाही. तीन कविता धाडून थांबणारा मनुष्य कवी नव्हताच, असेही कोणी म्हणेल. असो.

‘सत्यकथे’च्या फेब्रुवारी १९५४ च्या अंकात ‘शून्य शृंगारते’ ही कविता प्रसिद्ध झाली. कवीचे नाव छापले होते आरती प्रभु. त्या नावावरून कवी की कवयित्री, याचाही उलगडा होऊ नये. खाणावळवाले खानोलकर आणि कवी आरती प्रभु यांच्यामध्ये अशी एक भिंत उभी राहिली. ती त्यांस हवी असावी असे आम्हांस वाटते, कारण पुढे कादंबऱ्या व नाटके त्यांनी स्वतःच्या नावाने लिहिली, परंतु कविता अखेरपर्यंत आरती प्रभु याच नावाने प्रसिद्ध केल्या. परीक्षा नावाची न होता ओळींची व्हावी, अशी ही योजना ठरली, मग तिचा मूळ हेतू काहीही असो.

आमच्या चुकीची गोष्ट येथेच सांगणे प्राप्त आहे. आपल्या मंडळाच्या काव्यस्पर्धेत काही वर्षांपूर्वी एका ज्ञातिकन्येने एक कविता धाडिली होती. स्पर्धेचा विषय होता ‘माझी आई’. मुलीने लिहिले होते ते रिकाम्या माजघराविषयी; आईचा शब्दाने उल्लेख नव्हता, यमक मध्येच सुटले होते, आणि अक्षरही बेताचे होते. आम्ही शेरा मारिला, ‘विषयास सोडून’, आणि पारितोषिक एका नेटक्या, यमकबद्ध, सुंदर हस्ताक्षरातील कवितेस दिले. त्या मुलीची आई आदल्या वर्षी वारली होती, हे आम्हांस समारंभाच्या दिवशी जेवणाच्या पंगतीत कळले. पुढल्या वर्षापासून त्या मुलीची कविता आली नाही. त्यानंतर ‘जोगवा’ पुन्हा वाचीत असता आमच्या ध्यानात आले की, यांतील बहुतेक कविता आमच्या स्पर्धेत नापास झाल्या असत्या. विषय नेमका नाही, अर्थ चटकन हाती लागत नाही, दिवा, पाणी, अंधार यांच्या प्रतिमा एकीतून दुसरीत सरकतात. खटाववाडीत बसलेल्या त्या दोन संपादकांनी जे ओळखिले ते आम्हांस, याच मातीत वाढूनही, ओळखिता आले नसते.

‘जोगवा’ हा पहिला काव्यसंग्रह मौज प्रकाशनाने १९५९ साली काढिला. म्हणजे पहिल्या प्रसिद्ध कवितेपासून पाच वर्षांनी. त्याच सुमारास खानोलकर कुडाळ सोडून मुंबईस आले. काही काळ आकाशवाणीत नोकरी केली, परंतु स्थिर नोकरी त्यांस मानवली नाही. त्यापुढील पंधरा-सोळा वर्षांत त्यांनी जे लिहिले ते पाहून मन थक्क होते. १९६२ या एकाच वर्षी ‘दिवेलागण’ हा दुसरा संग्रह व ‘रात्र काळी, घागर काळी’ ही कादंबरी. १९६६ साली ‘कोंडुरा’ ही कादंबरी, जिचे नाव वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरील ठिकाणाचे, आणि ‘एक शून्य बाजीराव’ हे नाटक, जे विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली रंगायन संस्थेने रंगभूमीवर आणिले. ब्रेख्त या जर्मन नाटककाराच्या नाटकाचे ‘अजब न्याय वर्तुळाचा’ हे रूपांतरही त्यांचेच. हृदयनाथ मंगेशकर यांनी चाली दिलेली त्यांची गीते तर ज्यांनी एकही काव्यसंग्रह उघडला नाही अशांच्याही ओठी आहेत.

इतके असूनही पैशाची ददात मिटली नाही. कविता छापून येणे आणि चूल पेटणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे कुडाळच्या खाणावळवाल्यास कोणी शिकवावयास नको होते. आजकाल काही पालक आम्हांस विचारतात की, अमुक स्पर्धेचे प्रवेशशुल्क भरले असता मुलाची कविता ग्रंथात छापून येते व प्रमाणपत्र मिळते, तर भरावे काय? ग्रंथाच्या दोन प्रती विकतही घ्याव्या लागतात म्हणे. आम्ही त्यांस सांगतो की, कवितेसाठी कवीने फार तर टपालखर्च करावा. जेथे पैसे भरणाऱ्या प्रत्येकाची कविता छापतात, तेथे ती कोणी वाचीत नाही.

‘नक्षत्रांचे देणे’ हा तिसरा संग्रह १९७५ साली निघाला. दुसऱ्याच वर्षी, २६ एप्रिल १९७६ रोजी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी खानोलकर मुंबईत निवर्तले. त्यांच्या ‘चानी’वरून व्ही. शांताराम यांनी काढलेला चित्रपट १९७७ साली आला, ‘कोंडुरा’वरील श्याम बेनेगल यांचा १९७८ साली, आणि ‘नक्षत्रांचे देणे’ या संग्रहास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तोही १९७८ सालीच. यांपैकी एकही गोष्ट पाहावयास ते राहिले नाहीत. ‘सत्यकथा’ मासिकही १९८२ साली बंद पडले.

मंडळाच्या कार्यकारिणीने आमच्या विनंतीवरून यंदाच्या काव्यस्पर्धेस विषय ठेविलेला नाही, हे कळविण्यास आनंद वाटतो. कवितेवर नाव न घालता ते निराळ्या चिठ्ठीवर लिहावे. सोबत पत्ता घातलेले व तिकीट लावलेले पाकीट जोडावे. पारितोषिक मिळो वा न मिळो, प्रत्येक कवितेसोबत आमच्या हातचे चार शब्द परत येतील. छापील चिठ्ठी धाडिली जाणार नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्याने अक्षर आता आम्हांस बरे दिसते. त्या मुलीचा सासरचा पत्ता आम्ही मंडळाच्या यादीतून मिळविला असून, तिला पत्र गेल्या आठवड्यात टपालात टाकिले आहे.