पासंगाचं मोल

बाई पोथी वाचत बसली तर घरात कुणी काही म्हणत नाही. पेपर चाळला तरी चालतं. मुलाच्या परीक्षेसाठी त्याचं भूगोलाचं पुस्तक हातात घेतलं तर कौतुकच होतं. पण दुपारी ओटा आवरून, पंख्याखाली आडवं होऊन तिने कादंबरी उघडली की येणाराजाणारा एकदा तरी म्हणतोच, बरा वेळ मिळतो बुवा हिला! कादंबरी म्हणजे रिकामपणचा उद्योग, हा समज आपल्याकडे फार जुना आहे. म्हणूनच मैत्रिणींनो, आज मला एका अशा बाईंबद्दल सांगायचं आहे, ज्यांनी कादंबरी वाचणं हे कामच मानलं, आणि तेही घर, संसार, नोकरी सगळं सांभाळून. त्या लांबच्या कुणी नाहीत. आपल्या विदर्भाच्या, आपल्या नागपूरच्या. कुसुमावती देशपांडे.

नाव ऐकलेलं असतं. कवी अनिलांच्या पत्नी, एवढं पटकन आठवतं. पण त्यांची ओळख तेवढ्यावर संपत नाही, किंबहुना तिथून ती सुरूही होत नाही.

कुसुमावतीबाईंचा जन्म १० नोव्हेंबर १९०४ चा, अमरावतीचा. माहेरचं आडनाव जयवंत. १९२१ साली त्या मॅट्रिक झाल्या. मुलीला सही करण्यापुरतं आलं की पुष्कळ झालं, असं म्हणणारा तो काळ. ही मुलगी मात्र पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गेली. पुढे १९२६ साली इंग्रजी साहित्य घेऊन नागपूर विद्यापीठाची बी.ए. झाली. हे विद्यापीठ तेव्हा अवघं तीन वर्षांचं होतं! त्यानंतर त्यांनी थेट लंडन गाठलं. तिथल्या वेस्टफील्ड कॉलेजात पुन्हा इंग्रजी साहित्याचाच अभ्यास करून १९२९ मध्ये त्यांनी लंडन विद्यापीठाची पदवी घेतली.

त्या लंडनला होत्या त्याच सुमारास, १९२८ च्या ऑक्टोबरात, व्हर्जिनिया वुल्फ या लेखिकेने केंब्रिजच्या विद्यार्थिनींपुढे दोन व्याख्यानं दिली. बाईला लिहायचं असेल तर हातात स्वतःचे पैसे आणि दार लावून घेता येईल अशी स्वतःची खोली हवी, हा त्यांचा मथितार्थ. पुढे त्याचं पुस्तक जगभर गाजलं. आपल्याकडे त्या वेळी चर्चा काय चालली होती? मुलीचं लग्न कितव्या वर्षी करावं याची! लग्नाच्या वेळी मुलगी निदान चौदा वर्षांची असावी, असं सांगणारा शारदा कायदा मंजूर झाला तो १९२९ साली. त्याच वर्षी कुसुम जयवंत यांनी, पंचविशीच्या उंबरठ्यावर, दोन पदव्या पदरात पाडून आणि स्वतःच्या पसंतीने लग्न केलं. आत्माराम रावजी देशपांडे, म्हणजेच कवी अनिल, यांच्याशी. लग्नाआधी दोघांनी एकमेकांना जी पत्रं लिहिली ती अनिलांनी पुढे १९७२ मध्ये 'कुसुमानिल' या नावाने प्रसिद्ध केली. पन्नास वर्षांपूर्वीची स्वतःची प्रेमपत्रं छापायला केवढा मोकळेपणा लागला असेल, विचार करा.

पण माणूस काही प्रेमपत्रांवर जगत नाही. लग्नानंतर सुरू झाला तो तुमच्या-माझ्यासारखाच संसार. १९३१ पासून कुसुमावतीबाई नागपुरात इंग्रजीच्या प्राध्यापक झाल्या. मॉरिस कॉलेज हे त्यांचं कॉलेज. आज आपण त्याला वसंतराव नाईक संस्था म्हणतो. तिथे सुमारे पाव शतक त्यांनी शिकवलं. घरी नवरा कवी, त्यातून आधी न्यायखात्यात आणि मग समाजशिक्षणाच्या सरकारी कामात गुंतलेला. वर्गातले तास, पेपर तपासणं, घरचं येणंजाणं, आणि नागपूरचा तो उन्हाळा! घरोघरी कूलर आले ते फार नंतर. तेव्हा खिडकीला वाळ्याचे ताटवे बांधायचे आणि त्यांवर पाणी मारत राहायचं.

या सगळ्यातून त्यांनी लिहिलं. 'दीपकळी' हा पहिला संग्रह १९३४ चा, मग 'दीपदान' १९४० मध्ये आणि 'मोळी' १९४५ मध्ये. त्यांच्या कथांमध्ये मोठाली कथानकं नाहीत, योगायोग नाहीत, शेवटी धक्का नाही. एखादा क्षण, एखादं माणूस, मनात उमटून गेलेली एखादी लहर, एवढ्यावर त्यांची कथा उभी राहते. मराठीत नवकथा नवकथा म्हणून पुढे जिचा गाजावाजा झाला, तिची पाऊलवाट ज्यांनी आधी मळली त्यांत अभ्यासक कुसुमावतीबाईंना धरतात. ज्या बाईला सलग वेळ मिळत नाही तिला क्षणाची किंमत जास्त कळत असावी, असं मला आपलं वाटतं.

मात्र त्यांचं सर्वांत मोठं काम त्यांच्या वाचनातून आलं. १९५३ मध्ये 'मराठी कादंबरी: पहिले शतक' या त्यांच्या ग्रंथाचा पहिला भाग आला आणि पाठोपाठ दुसरा. मराठी कादंबरीची पहिली शंभर वर्षं त्यांनी वाचून काढली. नुसती वाचली नाहीत, तोलली. लेखकाने आपल्या काळातलं जगणं किती खरेपणाने पाहिलं, माणसं जिवंत उभी केली की नुसत्या बाहुल्या नाचवल्या, समाज बदलत होता तशी कादंबरी बदलली की नाही, असे प्रश्न त्यांनी विचारले. इंग्रजी कादंबरी शिकवणारी बाई, त्यामुळे तुलनेला जग होतं. पण परदेशी ते चांगलं असा तोरा नाही, आणि आपलं म्हणून उगीच गोंजारणंही नाही.

यानंतर वर्षभरातच त्यांचे समीक्षालेख पुस्तकरूपाने आले. त्या पुस्तकाचं नाव आहे 'पासंग'. हा शब्द आताच्या मुलींना ठाऊक असेल की नाही कोण जाणे. भाजीवाल्याच्या तराजूची दोन पारडी रिकामी असतानाही समान नसली, तर हलक्या बाजूला एखादा दगड, एखादा लोखंडाचा तुकडा बांधतात. तो पासंग. त्याने माल वाढत नाही की वजन वाढत नाही. माप मात्र खरं होतं. एखादा दुसऱ्याच्या पासंगालाही पुरत नाही, असं आपण सहज म्हणून जातो. या बाईंनी नेमकी तीच हलकी समजली जाणारी वस्तू आपल्या पुस्तकाच्या कपाळावर लावली. मला तर वाटतं, बाईच्या दिवसात कादंबरीचं तेच स्थान आहे. तिने घरात पैसा येत नाही, स्वयंपाक आपोआप होत नाही. पण दिवसाची दोन पारडी सारखी होतात.

हा अनुभव मी गाठीशी बांधून सांगते आहे. आमच्या बारा जणींची एक भिशी आहे. त्यात पैशांबरोबर पुस्तकही फिरतं. महिन्याला एक कादंबरी. काय वाचायचं यावरून दर वेळी वाद व्हायचे, तेव्हा आम्ही सरळ कुसुमावतीबाईंचा ग्रंथच वाटाड्या केला. त्यात ज्या कादंबऱ्यांची वाट दिसते, त्या वाटेने एक वर्ष चालायचं ठरलं. चैत्रात बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन', १८५७ सालची, विधवांची दुःखं मांडणारी मराठीतली पहिली कादंबरी. वैशाखात गच्चीवर कुरड्या-सरगुंडे वाळत घातले आणि पाखरं हाकलत हळब्यांची 'मुक्तामाला' वाचली. तेव्हा अद्भुतरम्यच बरं वाटतं. मृग लागला, शाळा सुरू झाल्या, वह्यापुस्तकांना कव्हरं घालण्यात हात गुंतले, म्हणून गुंजीकरांची ऐतिहासिक 'मोचनगड'. पोळा ते महालक्ष्म्या या दिवसांत 'पण लक्षात कोण घेतो?'. दिवाळीत अर्थातच दिवाळी अंक. संत्र्यांच्या दिवसांत उन्हात पाठ शेकत केतकरांची 'गोंडवनातील प्रियंवदा'. आणि मुलांच्या परीक्षांच्या धामधुमीत आकाराने लहान म्हणून विश्राम बेडेकरांची 'रणांगण'. आकाराने लहान हो! वाचून झाल्यावर दोन दिवस डोक्यातून जात नाही.

ह. ना. आपट्यांच्या यमूच्या वेळी मात्र आमची बैठक नेहमीसारखी झाली नाही. यमू विधवा होते, तिचं केशवपन होतं, आणि ती स्वतःच आपली कहाणी सांगते. शंभरेक वर्षांपूर्वीचं आहे, आता असं कुठे राहिलंय, असं आमच्यातल्या एकीचं म्हणणं पडलं. तेव्हा आमची एक मैत्रीण, तिचे यजमान तीन वर्षांपूर्वी गेले, तिने पुस्तक मिटून शांतपणे विचारलं की मग या तीन वर्षांत नात्यात मला किती जणींनी हळदीकुंकवाला बोलावलं? कुणालाच बोलता येईना. त्यावर तिनेच सांगितलं की यंदा महालक्ष्म्यांचं हळदीकुंकू माझ्या घरी, सगळ्यांनी यायचं. आम्ही बाकीच्या अकराच्या अकरा जणी गेलो. तिची सख्खी जाऊ आली नाही. पण तिची सून दारात हळदीकुंकवाचं तबक घेऊन उभी होती आणि पहिलं कुंकू तिने सासूला लावलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला तो २०२२ साली. 'यमुनापर्यटन' १८५७ सालची. मधली वर्षं मोजा, आणि मग कादंबरी हा रिकामपणचा उद्योग आहे का ते सांगा.

कुसुमावतीबाईंना हे नक्की कळलं होतं, असं त्यांच्या आणखी एका कामावरून वाटतं. रमाबाई रानडे यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक त्यांनी इंग्रजीत नेलं. घरातल्या बायकांचे टोमणे सोसत, नवऱ्याच्या आग्रहाने आणि स्वतःच्या जिद्दीने वाचायला शिकलेल्या मुलीची ती गोष्ट. लंडनची पदवी घेतलेल्या बाईने अनुवादासाठी उचलावी ती अशी गोष्ट, हे मला फार मोलाचं वाटतं. आपण ज्या पायऱ्या चढून आलो त्या कुणी खोदल्या, याची ही जाण आहे.

पुढे नागपूरची राजधानी गेली, अनिलांचं काम दिल्लीला गेलं, आणि कुसुमावतीबाईही दिल्लीत आकाशवाणीवर स्त्रिया आणि मुलांचे कार्यक्रम पाहू लागल्या. १९५८ साली मालवणच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष कवी अनिल होते. १९६१ साली ग्वाल्हेरच्या संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या कुसुमावती देशपांडे. संमेलनाची परंपरा १८७८ पासूनची. म्हणजे एका बाईला त्या खुर्चीपर्यंत पोचायला त्र्याऐंशी वर्षं लागली! नवरा-बायको दोघांनीही हा मान मिळवावा, हेही अप्रूपच. आणि त्यानंतर? दुर्गाबाई भागवत १९७५ मध्ये कऱ्हाडला. मग एकवीस वर्षांनी आळंदीला शांता शेळके, पुढे इंदूरला विजया राजाध्यक्ष, २०१९ मध्ये आपल्या यवतमाळला अरुणा ढेरे आणि २०२५ मध्ये दिल्लीला तारा भवाळकर. पहिल्या कुसुमावतीबाई धरून जेमतेम सहा. एवढ्या वर्षांत सहाच.

हा मान मिळाला त्याच वर्षी, १७ नोव्हेंबर १९६१ रोजी, त्या गेल्या. सत्तावन्नावा वाढदिवस होऊन एकच आठवडा झाला होता. रमाबाईंच्या पुस्तकाचा अनुवाद १९६३ मध्ये, म्हणजे त्यांच्यामागे निघाला. मराठी साहित्याचा इंग्रजीतला इतिहास अपुरा राहिला होता. तो मं. वि. राजाध्यक्ष यांनी पूर्णत्वाला नेला आणि साहित्य अकादमीने १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. मुखपृष्ठावर नावं दोघांची आहेत. सत्तावीस वर्षांनंतरही त्यांचं अर्धं राहिलेलं काम कुणाला टाकून द्यावंसं वाटलं नाही.

त्यांची स्वतःची पुस्तकं मोजली तर फार नाहीत, एका फळीवर मावतील. थोरामोठ्यांच्या यादीत म्हणूनच त्यांचं नाव कधीकधी घाईत सुटतं. पण नोकरी, घर, बदल्या यांच्या फटीफटींतून त्यांनी शंभर वर्षांच्या कादंबऱ्या वाचल्या आणि आपल्याला त्या वाचायला वाट करून दिली, हे विसरून चालायचं नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, या महिन्यात एक करा. घराजवळच्या वाचनालयात जा, आपट्यांची किंवा बेडेकरांची कादंबरी मागा. कपाटाच्या मागच्या फळीवर असेल, धूळ झटकून घ्या. रोज दहा पानं वाचली तरी महिन्यात तीनशे होतात. आणि कुणी म्हटलंच की बरा वेळ मिळतो तुला, तर हसून सांगा, मिळत नाही हो, काढते. मग एखाद्या मैत्रिणीला ते पुस्तक पुढे द्या आणि तिला काय वाटलं ते विचारा. तिचं उत्तर ऐकायला मात्र चहा टाकून निवांत बसा.