धन्यवादित अलेक्झांड्रिना : तीस वर्षांचे अंथरूण, समर्पित जीवन

१३ ऑक्टोबर हा धन्यवादित अलेक्झांड्रिना दा कोस्टा हिचा स्मृतिदिन. चौदाव्या वर्षी पाठीच्या कण्याला झालेल्या दुखापतीने जिचे अवघे आयुष्य पालटून गेले, अशा या पोर्तुगीज कन्येचा जीवनपट आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. तिला आलेल्या असामान्य आध्यात्मिक अनुभवांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आमचे मन मात्र एका साध्या गोष्टीपाशी थबकते. आपले दुःख तिने एका दिवसात स्वीकारले नाही. त्यासाठी तिला दहा वर्षे लागली.

अलेक्झांड्रिनाचा जन्म ३० मार्च १९०४ रोजी उत्तर पोर्तुगालमधील बालाझार या खेड्यात झाला. वडिलांचे छत्र तिला लाभले नाही. आई मारिया आना हिने तिला व थोरली बहीण देओलिंदा हिला श्रद्धेच्या संस्कारांत वाढविले. सातव्या वर्षी शिक्षणासाठी तिला पोवोआ दे व्हार्झिम येथे एका सुताराच्या कुटुंबात ठेवण्यात आले. परंतु सुमारे दीड वर्षातच ती गावी परतली आणि शेतात राबू लागली. अंगाने धट्टीकट्टी व स्वभावाने खेळकर अशी ही मुलगी कष्टाच्या कामात कोणाला हार जात नसे. बाराव्या वर्षी मात्र एका गंभीर आजाराने तिला मृत्यूच्या दारी नेले. त्यातून ती बचावली, पण पूर्वीची ताकद परतली नाही. मग ती बहिणीसोबत शिवणकाम करू लागली.

३० मार्च १९१८ हा पवित्र शनिवार होता आणि त्याच दिवशी तिला चौदा वर्षे पूर्ण झाली होती. देओलिंदा व शिवण शिकणारी एक मुलगी यांच्यासह ती घरात काम करीत असता तीन पुरुष बळजबरीने आत शिरले. त्यांचा दुष्ट हेतू ओळखून, शीलरक्षणासाठी अलेक्झांड्रिनाने खिडकीतून सुमारे चार मीटर खाली उडी घेतली. ती वाचली, परंतु पाठीच्या कण्याला कधीही भरून न येणारी इजा झाली. पुढील काही वर्षे ती वाकलेल्या देहाने, कसेबसे पाय ओढीत चर्चला जात असे. पक्षाघात वाढतच गेला आणि १४ एप्रिल १९२५ रोजी, एकविसाव्या वर्षी, ती कायमची अंथरुणाला खिळली.

त्या काळी अशा रुग्णांसाठी फारशी आशा नव्हती. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी मणक्याच्या दुखापतीसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला, तो १९४४ साली. त्यापूर्वी असे बहुतेक रुग्ण अंथरुणात पडून होणाऱ्या जखमांनी व संसर्गाने दगावत. अलेक्झांड्रिना त्या अवस्थेत तीस वर्षे जगली, यामागे आईची माया आणि देओलिंदाची अखंड सेवा होती, हे आपण विसरता कामा नये.

१९२८ पर्यंत ती बरे होण्यासाठी पवित्र मरियेची विनवणी करीत राहिली. बरी झाले तर मिशनरी होईन, असे वचनही तिने दिले होते. ती प्रार्थना तिच्या इच्छेप्रमाणे फळली नाही. हळूहळू तिला उमगले, की ज्या खोलीत आपण अडकलो आहोत तीच आपली सेवाभूमी आहे. प्रसादपेटीत येशू एकटा राहतो आणि या खोलीत मी एकटी आहे, या विचाराने तिला त्याच्याशी जोडले. आपल्या वेदना ती पाप्यांच्या परिवर्तनासाठी अर्पण करू लागली.

येशूसंघीय फादर मारियानो पिन्यो यांचे मार्गदर्शन तिला १९३० च्या दशकात लाभले. १९४२ मध्ये त्यांची साथ सुटली, हेही तिने सोसले. १९३८ ते १९४२ या काळात दर शुक्रवारी ती प्रभूच्या दुःखसहनाचा अनुभव घेत असे. मार्च १९४२ पासून मृत्यूपर्यंत ख्रिस्तप्रसादाशिवाय तिने काही ग्रहण केले नाही, असे तिच्या चरित्रात नमूद आहे. अनेकांनी शंका घेतल्या. १९४३ च्या उन्हाळ्यात पोर्तोजवळील एका रुग्णालयात चाळीस दिवस तिच्यावर कडक पहारा ठेवण्यात आला. हा अविश्वासही तिने शांतपणे सोसला. १९४४ मध्ये ती सालेशियन सहकारी झाली आणि तरुणांसाठी आपले जीवन वाहू लागली. अखेरच्या वर्षांत दुरून येणारे असंख्य लोक तिच्या बिछान्यापाशी बसत व धीर घेऊन परतत.

१३ ऑक्टोबर १९५५ रोजी तिने देह ठेवला. २५ एप्रिल २००४ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला धन्यवादित घोषित केले. बालाझारच्या चर्चमध्ये तिची समाधी आहे.

आपल्या धर्मग्रामांतही अपघाताने अंथरुणाला खिळलेली तरुण मुले-मुली आहेत. त्यांना भेटताना देवाची इच्छा म्हणून सारे मुकाट्याने स्वीकारा, असा उपदेश करण्याची घाई आपण करू नये. अलेक्झांड्रिनालाही दहा वर्षे रडावे व मागावे लागले. आज उपचार आहेत, चाकाची खुर्ची आहे, शिक्षणाची व कामाची वाट आहे. ती त्यांना मिळवून देण्यास हातभार लावणे, चर्चची पायरी त्यांच्यासाठी सुगम करणे आणि देओलिंदेप्रमाणे चिकाटीने सोबत राहणे, हे आपले कर्तव्य आहे. धन्यवादित अलेक्झांड्रिना त्यांच्यासाठी व आपणा सर्वांसाठी विनंती करो.