सवाई गंधर्वांचा गळा

कुंदगोळ हे गाव हुबळीपासून आगगाडीने थोड्याच अंतरावर आहे. मुलूख धारवाडचा असला तरी संस्थानी काळात ते जमखिंडीच्या पटवर्धनांकडे होते. तेथे १८८६ सालच्या जानेवारीत गणेश सौंशी यांच्या घरी रामचंद्राचा जन्म झाला. हेच पुढे रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व. आरंभीचे शिक्षण बळवंतराव कोल्हटकरांकडे झाले. ध्रुपदे, तराणे त्यांनीच पाठ करून घेतले. १८९८ साली ते निवर्तले आणि मुलगा पोरका झाला. पुढे अब्दुल करीमखाँसाहेबांचे गाणे कानी पडले आणि रामभाऊंना गुरू मिळाला.

रामभाऊंच्या चरित्रात शिष्यत्व, रंगभूमी आणि मैफली यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्या गळ्याविषयी मात्र शरीराच्या अंगाने फारसे कोणी बोलत नाही. गाणे शिकवणाऱ्या माणसाला हाच भाग अधिक ओढतो.

पोरवयातला त्यांचा गोड गळा वयात येताच फुटला. यात त्यांचा दोष नव्हता की कोणाची दृष्टही नव्हती. त्या वयात वृषणांतून निघणारा रस रक्तावाटे सर्वांगी पसरतो. मिसरूड फुटते त्याच सुमारास स्वरयंत्राच्या कूर्चा वाढतात आणि आतले स्वरतंतू लांब व जाड होतात. पुरुषाचे हे तंतू जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरांचे, पण जाड झालेली तार जशी खाली बोलते तसेच येथे होते. मुलाचा आवाज सुमारे एका सप्तकाने उतरतो. मुलींचाही उतरतो, परंतु दोन-तीन स्वरांपुरताच. मौज अशी की यंत्र बदलले तरी ते चालवणाऱ्या मज्जांना व स्नायूंना जुनीच सवय असते. म्हणून आवाज मध्येच चिरकतो, निसटतो. कित्येक होतकरू मुलांचे गाणे याच वळणावर संपते.

रामभाऊंचे संपले नाही, कारण खाँसाहेबांच्या हाताखाली त्यांनी सुमारे आठ वर्षे मेहनत केली. किराणा गायकी म्हणजे लांबवलेला, शांत स्वर. तो गळ्याआधी छातीत तयार होतो. फुप्फुसांना स्वतःचे स्नायू नसतात. खालचे श्वासपटल उतरते, फासळ्यांमधले स्नायू पिंजरा उचलतात, तेव्हा भात्यासारखी हवा आत येते. स्वस्थ बसलेला माणूस एका श्वासाला अर्धा लिटर हवा घेतो. गवई तीन-चार लिटर भरून घेऊ शकतो. पण कसब भरण्यात नाही, सोडण्यात आहे. श्वास बाहेर जात असतानाही आत घेणारे स्नायू ढिले न टाकता हळूहळू सैल करत न्यावे लागतात. पांढरी एक पट्टीत पुरुषाचा षड्ज लावला तर स्वरतंतू सेकंदाला सुमारे १३० वेळा मिटतात-उघडतात, आणि तार षड्जाला त्याच्या दुप्पट. खालून येणाऱ्या हवेचा दाब किंचित हलला तरी स्वर डळमळतो. पहाटेच्या खर्जाने हा तोल सावकाश अंगी मुरतो; पुस्तक वाचून तो कोणाला आलेला मी पाहिला नाही.

नंतर रामभाऊ नाटकात शिरले. ते गुरूंना रुचले नाही असे सांगतात. ‘सौभद्रा’तली त्यांची सुभद्रा पाहून दादासाहेब खापर्ड्यांनी अमरावतीस त्यांना सवाई गंधर्व म्हटले. ध्वनिवर्धक नसलेल्या थिएटरात शेवटच्या रांगेपर्यंत स्त्रीभूमिकेतली पदे पोहोचवायची, तीही उतरलेल्या पुरुषी गळ्यातून! वरचे स्वर लावताना स्वरयंत्राचा एक लहानसा स्नायू कूर्चा झुकवून तंतू ताणतो, आणि घसा, तोंड व टाळू यांची पोकळी त्या नादाला घुमारा देते. रंगभूमीने त्यांचे नुकसान केले असे म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. ती वर्षे त्यांच्या फेकीत ऐकू येतात.

मैफलीत मात्र त्यांचा आवाज प्रथम जड लागे, तापल्यावर मोकळा होई. त्यातही नवल नाही. स्नायूंत रक्ताचा ओघ वाढला, तंतूंवरचा ओलावा सारखा झाला की ते सहज हलतात. जन्मतःच सुरेल गळ्याच्या गवयाला हे कष्ट ठाऊक नसतात, आणि म्हणून पुष्कळदा ते शिकवताही येत नाहीत. रामभाऊंना येत होते. गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला येत. एकेक पलटा दिवसचे दिवस घोटावा लागे. १९३६ च्या सुमारास आलेल्या भीमसेनांना तोडी, मुलतानी आणि पुरिया या तीन रागांवरच प्रदीर्घ तालीम मिळाली.

१९४० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत रामभाऊंना पक्षाघाताचा झटका आला. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे पन्नासावा हिस्सा, पण प्राणवायू तो एक पंचमांश खातो. एखाद्या भागाचे रक्त काही मिनिटे तुटले तरी तिथल्या पेशी मरतात, आणि मेंदूच्या ज्या अर्धात बिघाड झाला त्याच्या विरुद्ध बाजूचे अंग लुळे पडते. गाण्यासाठी छाती, स्वरयंत्र, जीभ आणि टाळू यांना एकाच क्षणी हुकूम जावा लागतो. त्यातली डावी मज्जा तर मेंदूतून निघून छातीत उतरते, हृदयाजवळच्या महारोहिणीला वळसा घालते आणि मग पुन्हा वर स्वरयंत्राकडे येते. इतक्या लांबच्या वाटेने येणारी आज्ञा एरवी वेळेवर पोहोचते याचेच आश्चर्य करावे. चाळीस वर्षांच्या मेहनतीने बसवलेली ही सारी घडी त्या झटक्याने विस्कटली आणि रामभाऊंच्या मैफली थांबल्या.

त्यांच्या साठीनिमित्त १९४६ च्या जानेवारीत पुण्यात समारंभ झाला. तेथे भीमसेन जोशी गायले, आणि ती मैफल त्यांच्या कीर्तीचा आरंभ ठरली. रामभाऊ १२ सप्टेंबर १९५२ रोजी पुण्यास वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या पुण्यतिथीचा उत्सव तेथे सुरू झाला. गंगूबाईंचा आवाजही घशाच्या शस्त्रक्रियेनंतर खाली उतरला होता, इतका की न पाहता ऐकणाऱ्याला पुरुष गातो आहे असे वाटावे. त्यांनी पट्टी बदलली आणि तोच गळा घेऊन पुढची कित्येक दशके त्या गात राहिल्या.